श्रमप्रतिष्ठेचे तेवीस फोटो

अजीजाबाई नदाफ यांनी एकवीस वर्षांच्या नोकरीत कधी खोटी हजेरी मांडली नाही, पोषण आहारातला मूठभर तांदूळ घरी नेला नाही, की परीक्षेत कुणा पोराला हळूच उत्तर सांगितलं नाही. त्यांच्या हातून चूक झाली ती एकच. आणि तीसुद्धा त्यांनी अगदी नियमाला धरून केली. फोटो काढला, खाली दोन ओळी लिहिल्या, आईची संमती घेतली आणि वर पाठवून दिला.

वर म्हणजे कुठे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. माहिती वर जाते, एवढं सगळ्यांना माहीत. खाली काय येतं ते नंतर कळतं.

शाळा कुंभारीजवळच्या कामगार वसाहतीतली, जिल्हा परिषदेची. वसाहतीतली घरं इतकी एकसारखी, की दारावरचे नंबर पुसले तर नवरा शेजाऱ्याच्या घरात जाऊन जेवायला बसेल. दर दुसऱ्या दारात एक बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली. सुपात भिजवलेलं तेंदूचं पान, तंबाखू, दोऱ्याची गुंडी. पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा आणि शेवटी विडीचं टोक दुमडायचं. पान आणि तंबाखू रोज सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचमधून मिळणार, आणि वळलेल्या विड्या दुसऱ्या दिवशी तिथंच मोजून द्यायच्या. हजार विड्या वळायच्या तर बाईला दिवस पुरत नाही. म्हणून शेवटचं ते टोक दुमडायचं काम पोरं करतात. शाळेला जायच्या आधी थोडं, आल्यावर थोडं. हे काम आहे असं वसाहतीत कुणी म्हणत नाही. पाणी भरणं, धाकट्याला कडेवर घेणं, तसंच हे.

अजीजाबाईही अशाच दारात वाढल्या. सोलापुरात नई जिंदगी भागात त्यांच्या आईनं, झीनतबींनी, चाळीस वर्षं विड्या वळल्या. त्याच विड्यांवर अजीजाबाईंचं डी.एड. झालं. स्टाफरूममध्ये कुणी घराण्याबिराण्याच्या गोष्टी काढल्या की त्या मान ताठ करून सांगत, "माझं शिक्षण सुपातून आलंय." यात त्यांना लाज कधी वाटली नाही, उलट अभिमानच. आणि पुढं जे झालं ते या अभिमानापायीच झालं.

त्या वर्षी जूनमध्ये शाळेला तीन टॅब आले. जिल्ह्यात एक कार्यक्रम सुरू झाला होता, 'सुनागरिक' नावाचा. टॅबमध्ये त्याचं ॲप होतं. दर शनिवारी त्यात एक मूल्य उघडायचं. राष्ट्रप्रेम, स्वच्छता, वक्तशीरपणा, असं एकेक. ते मूल्य मुलं कशी आचरतात याचा प्रत्येक मुलामागे एक फोटो नाहीतर व्हिडिओ पाठवायचा. राष्ट्रप्रेमाच्या आठवड्यात अडतीस पोरांचे हात पुढं करून प्रतिज्ञा म्हणतानाचे अडतीस व्हिडिओ गेले. देशावरचं प्रेम टक्क्यांत मोजायची सोय झाली. उंटावर बसून शेळ्या हाकणाऱ्यांना आता उंटाचीही गरज उरली नव्हती, खुर्चीतून काम भागत होतं.

सोमवारी सकाळी केंद्राच्या ग्रुपवर शाळांची यादी पडायची. हिरव्या, पिवळ्या आणि लाल. अजीजाबाईंची शाळा लाल, कारण वसाहतीत नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर यायचं. यादीखाली केंद्रप्रमुखांची एक ओळ असायची, "लाल शाळांनी मनावर घ्यावे." मुख्याध्यापक गुरुसिद्धप्पा सर मार्चअखेर निवृत्त व्हायचे होते. त्या ओळीनं त्यांना सोमवारी नाश्ता जायचा नाही.

"मॅडम," ते म्हणायचे, "पेन्शनचे कागद जायच्या वक्ताला हे लाल-लाल काय बरं दिसत न्हाई बघा. तुमी तेवढं मनावर घ्या की."

अजीजाबाईंनी घेतलं. टॅब ओढणीखाली झाकून त्या टाकीच्या चौदा पायऱ्या चढायच्या आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसून एकेक फोटो सोडायच्या. आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडतही होतं. आपला चेहरा काचेवर बघून पोरं खुलायची. संविधानाची प्रास्ताविका पुस्तकाच्या पहिल्या पानावर वर्षानुवर्षं पडून होती, ती आता पोरांच्या तोंडी आली होती. पाचवीतली काव्या तर 'आम्ही भारताचे लोक' असं म्हणायची, की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प व्हायची. किडकिडीत पोरगी, पण आवाज खणखणीत. आपण या पोरांना काहीतरी देतोय, असं बाईंना बऱ्याच वर्षांनी वाटायला लागलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी टॅबवर मूल्य उघडलं, श्रमप्रतिष्ठा. सूचना साधी होती. विद्यार्थी घरकामात पालकांना मदत करत असल्याचा फोटो, दोन ओळींची माहिती, पालकांची संमती.

अजीजाबाईंना आनंद झाला. बाकी मूल्यांना काय, कुणाच्याही पोरांचे फोटो चालतात. श्रमाच्या बाबतीत मात्र या वसाहतीच्या पोरांचा हात कोण धरणार? शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि बाई स्वतः टॅब घेऊन घरोघर निघाल्या.

काव्याच्या घरी त्या साडेबाराला पोचल्या. तिची आई पार्वतम्मा अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी. नवरा तीन वर्षांमागं गेला तेव्हापासून घर तिच्या सुपावर चालत होतं. उंबऱ्याच्या आत ऊन आलं होतं. त्या उन्हात मायलेकी समोरासमोर बसल्या होत्या, मधे सूप. काव्याची बोटं अशी चालत होती की बघत राहावं.

"हलू नको काव्या, तशीच बस," बाई म्हणाल्या.

पार्वतम्मानं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "फोटो कशाला, बाई?"

"श्रमप्रतिष्ठा. म्हणजे कष्टाला मान. तुमची लेक तुम्हाला हातभार लावते, ते जिल्ह्याला दिसू दे की."

"कुटं जातो ह्यो फोटो?"

"वर जातो."

"वर म्हंजे?"

बाई हसल्या. "साहेब लोकांना बघायला. माझ्यावर भरवसा हाय ना तुमचा?"

"असं काय बोलताव," पार्वतम्मा ओशाळली. "तुमच्यावर न्हाई ठिवायचा तर कुणावर ठिवायचा?" आणि तिनं संमतीच्या चौकोनावर अंगठा टेकवला. तंबाखूचा पिवळा डाग काचेवर राहिला, तो बाईंनी ओढणीनं पुसला.

अडतीस फोटो झाले. पंधरा पोरं झाडू मारताना, पाणी भरताना, भांडी घासताना. तेवीस पोरं विड्यांपाशी. काव्याच्या फोटोखाली बाईंनी लिहिलं, "काव्या रोज आईच्या कामात हातभार लावते. अशा हातांवरच देश उभा आहे." टाकीच्या वरच्या पायरीवर बसून त्यांनी अडतीसही फोटो सोडले. अडतीस हिरव्या खुणा आल्या. त्या दिवशी नेटवर्कही कसं कोण जाणे, एकदासुद्धा तुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. अजीजाबाई आईला भेटायला नई जिंदगीत गेल्या. झीनतबी आता सत्तरीच्या, दम्यानं बेजार, उशा लावून खाटेवर बसलेल्या. बाईंनी टॅबवरून आपल्या मोबाईलमध्ये घेतलेला काव्याचा फोटो कौतुकानं दाखवला. म्हातारीनं चष्मा लावला, फोटो जवळ घेतला, लांब धरला. तिचा चेहरा उतरला.

"बच्ची को काइकू ली गे फोटो में?"

"क्यूँ अम्मी? मैं भी तो करती थी."

"करती थी. दिखाती थी क्या?" म्हातारीला खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत बाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग झीनतबी हळू आवाजात म्हणाल्या, "इन्स्पेक्टर आया तो मैं तुमकू खाट के नीचे ढकेलती थी. ऊपर से गोधडी. भूल गई?"

अजीजाबाई विसरल्या नव्हत्या. खाटेखालचा तो अंधार, शेजारी भावाचा श्वास, बाहेर कुणाचे तरी बूट, आणि नंतर अम्मीनं हातावर ठेवलेला गुळाचा खडा, सगळं आठवत होतं. फक्त इतकी वर्षं त्यांना तो लपाछपीचा खेळ वाटत आला होता. चाळीस वर्षांनंतर, शिक्षिका होऊन, पोरांना कायदा आणि संविधान शिकवून झाल्यावर त्यांना त्या रविवारी दुपारी कळलं की तो खेळ नव्हता.

त्या दुपारच्याच बसनं परत आल्या. शाळा उघडून टॅब काढला, टाकीवर चढल्या. फोटोवर बोट दाबलं, धरून ठेवलं, बाजूला सारलं. एक ओळ आली, "पाठवलेली नोंद बदलता येणार नाही." त्यांनी तेवीस वेळा करून बघितलं. तेवीस वेळा तीच ओळ आली.

सोमवारी शाळा हिरव्या रंगात. केंद्रात पहिली. ग्रुपवर टाळ्यांची आणि फुलांची चित्रं पडली. गुरुसिद्धप्पा सरांनी पेढे आणले. बाईंनी पेढा हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "खावा की मॅडम, आता कसलं टेन्शन?" सर म्हणाले. बुधवारी काव्याचा फोटो कार्यक्रमाच्या इंटरनेटवरच्या पानावर झळकला, नावगावासकट. तो बघायला वसाहतीतले लोक एकमेकांच्या मोबाईलमध्ये डोकी घालत होते. पार्वतम्मा शाळेच्या फाटकाशी येऊन लाजत म्हणाली, "बाई, माझं तोंड लई काळं आलंय बघा." बाईंना हसता आलं नाही.

शुक्रवारी दुपारी फोटो पानावरून नाहीसा झाला. कुणीतरी खाली काहीतरी लिहिलं होतं म्हणे, कुणीतरी तो पुढं कुठं तरी पाठवला होता म्हणे. ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही. रोज सकाळी सुविचार टाकणारे सुद्धा त्या शनिवारी गप्प होते. बाईंना वाटलं, फोटो काढून टाकला म्हणजे प्रकरण मिटलं. असं वाटून घ्यायची त्यांना त्या दिवसांत फार गरज होती.

पुढच्या मंगळवारी वसाहतीत एक पांढरी गाडी आली. त्यातून एक माणूस उतरला, साधाच, चेक्सचा शर्ट, खांद्याला बॅग. अनोळखी माणूस वसाहतीत आला की आधी पानपट्टीवर थांबतो, अमक्याचं घर कुठं म्हणून विचारतो, कारण इथं घर सापडणं सोपं नाही. या माणसानं कुणाला काही विचारलं नाही. मोबाईलमध्ये बघत तो तिसऱ्या गल्लीत वळला आणि नेमका पार्वतम्माच्या दारासमोर थांबला. दाराचा फोटो घेतला. मग पुढच्या दारासमोर न थांबता त्याच्या पुढच्या दारासमोर थांबला. असा तो तेवीस दारांसमोर थांबला, एकही दार चुकला नाही. फोटोबरोबर जागाही वर गेली होती, हे शाळेच्या खिडकीतून बघणाऱ्या अजीजाबाईंना तेव्हा उमगलं. त्यांच्या हातातला खडू खाली पडला, तो उचलून देऊन पोरं पुन्हा फळ्याकडं बघत बसली.

त्यानंतरच्या सकाळी बायका डोक्यावर टोपल्या घेऊन ब्रँचला गेल्या. तेवीस जणी रिकाम्या टोपल्या घेऊन परत आल्या. ब्रँचच्या मुनीमानं यादी वाचून दाखवली होती. "चौकशी होईतोवर तुमचं पान बंद."

"आमी काय केलं?" पार्वतम्मानं विचारलं.

"आमच्या दारात बारकं पोर कधी दिसत न्हाई. तुमच्या घरात दिसतं, आणि ते फोटोत दिसतं. मालकावर खटला झाला तर तुमी भरणार हाय का?"

पान बंद म्हणजे चूल बंद. हे सांगायला वसाहतीत कुणी लागत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पण अजीजाबाईंच्या मनाला लागलं होतं ते वेगळंच. कायदा खोटा नव्हता. चौदा वर्षांखालच्या पोराला विडीच्या कामाला लावायचं नाही, घरातसुद्धा नाही, हे बरोबरच होतं. अम्मीचा दमा त्यांनी जन्मभर बघितला होता. पोरांच्या वह्यांना तंबाखूचा वास येतो, काव्या दुपारच्या तासाला पेंगते, हेही त्या रोज बघत होत्या. त्या वासाला त्या घरचा वास म्हणत आल्या. त्यांनी ना कायदा धड पाळला, ना बायकांना धड जपलं. दोन्हीकडून त्याच गुन्हेगार होत्या, आणि हे त्यांच्याशिवाय कुणाला कळलं नव्हतं.

शाळेला पत्र आलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तीन जणांची समिती येणार होती. आदल्या दिवशी गुरुसिद्धप्पा सरांनी बाईंना आपल्या खोलीत बोलावून दार लोटलं.

"मॅडम, एक उपाय हाय. ते फोटो म्हंजे नाटिका होती म्हणून लिहून देऊ. पूर्वीच्या काळी कष्ट कसे करायचे त्याची नाटिका. तुमी लिहा, मी सही करतो. पोरांना तेवढं आज सांगून ठिवा."

"आणि पोरांना विचारलं तर?"

"म्हणून तर सांगून ठिवा म्हणतो की."

अजीजाबाई वर्गात गेल्या. अडतीस पोरं उभी राहिली, बसली. बाईंनी सांगितलं, उद्या साहेब येतील, काही विचारतील. पुढचं वाक्य त्यांनी सरांच्या खोलीतून येता येता जुळवून आणलं होतं.

"काय सांगायचं बाई?" काव्यानं विचारलं.

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. एका वाक्यात तेवीस चुली पेटल्या असत्या. निदान पेटायचा संभव होता. पण अडतीस पोरांसमोर उभं राहून, सांगा रे खोटं, असं म्हणायला त्यांची जीभ उचलेना. आणि आणखी एक कारण होतं, ते त्यांनी पुढं फक्त स्वतःशी कबूल केलं. त्या खोट्याखाली त्यांच्याही नावाची सही लागली असती.

"खरं असेल ते सांगायचं," त्या म्हणाल्या.

समितीत केंद्रप्रमुख होते, कार्यक्रमाच्या एक तरुण मॅडम होत्या, आणि तेच चेक्सच्या शर्टाचे गृहस्थ, कामगार कार्यालयाचे. त्यांनी पोरांना घाबरवलं नाही, उलट चॉकलेटं वाटली. मग त्या मॅडमनी गोड आवाजात विचारलं, "काव्या कोण?"

काव्या उभी राहिली. हात पाठीमागं, मान ताठ, प्रतिज्ञा म्हणताना असते तशी.

"घरी आईला कामात मदत करतेस?"

"व्हय मॅडम. सकाळी दोनशे आणि शाळेतनं गेल्यावर तीनशे. आमच्या गल्लीत सगळ्यात फास्ट मी हाय."

"कधीपासून?"

"दुसरीत असल्यापासनं."

"अरे वा. आणखी कोण कोण करतं?"

काव्या वळली. तिला वाटलं, मान वाटायचा आहे, तर एकटीनं कशाला घ्यायचा. तिनं एकेकाचं नाव घेतलं. ज्याचं नाव यायचं ते पोर हात वर करून उभं राहायचं. तेवीस झाले. मग ज्यांचे फोटो पाणी भरताना गेले होते ती पोरंही उठायला लागली, आपण मागं का राहायचं म्हणून. एकतीस पोरं उभी राहिली. कामगार कार्यालयाचे गृहस्थ खाली मान घालून लिहीत होते. भिंतीला टेकलेल्या गुरुसिद्धप्पा सरांनी डोळे मिटून घेतले होते.

"मॅडम, तुमची मुलं किती निर्भीड आहेत," त्या तरुण मॅडम बाईंना म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणत होत्या.

अजीजाबाई त्या गृहस्थांच्या मागं गाडीपर्यंत गेल्या. "साहेब, बायकांचं पान सुरू करा. मी शाळा सुटल्यावर पोरांना सहापर्यंत इथंच बसवते. अभ्यास घेते. एकही पोर सुपाला हात लावणार नाही, मी लिहून देते."

गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं. "पान बंद करा असं आम्ही कुठं म्हटलंय? आम्ही फक्त नोटीस दिली. पुढं काय करायचं ते ब्रँचवाल्याच्या हातात." ब्रँचवाला म्हणणार नोटिशीमुळं, नोटीसवाला म्हणणार फोटोमुळं. फोटो कुणाचा, ते सगळ्यांना माहीत होतं. आठ दिवसांत आणखी आठ जणींचं पान बंद झालं.

बाईंवर काय कारवाई होते याची शाळा वाट बघत होती. बाईही बघत होत्या. झाली असती तर त्यांना बरंच वाटलं असतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. दरवर्षी पोरांची गाणी ऐकायला बायका कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभ्या राहतात. त्या वर्षीही आल्या होत्या. गाणी झाल्यावर केंद्रप्रमुखांनी माईक हातात घेतला आणि खिशातून कागद काढला. वसाहतीतील बालकामगारांचे वास्तव धैर्याने उजेडात आणल्याबद्दल, जागरूक शिक्षिका म्हणून, श्रीमती अजीजा नदाफ यांचा गौरव. अजीजाबाईंना हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. "साहेब, तसं झालेलं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मॅडम, पुढं या," साहेब माईकमधून म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या हातात फुलं आली, फाईल आली, आणि कुणीतरी टॅबवर फोटो काढला.

भिंतीपलीकडं कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. बायका आत आल्या, आपापल्या पोराचा हात धरला आणि निघाल्या. खाऊ वाटायचा राहिला होता. पार्वतम्मा बाईंच्या जवळून गेली, पण तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून काव्या शाळेत आली नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. तोवर वसाहतीत पुन्हा कामं सुरू झाली होती, पण वेगळ्या तऱ्हेनं. ज्यांची ब्रँचची कार्डं शाबूत होती त्यांच्या नावावर पान यायचं, ते पदराआडून इकडं वाटलं जायचं आणि दारं लावून वळलं जायचं. उन्हात, वाऱ्यावर होणारं काम आता बंद खोलीत, तंबाखूच्या खकाण्यात होत होतं. हजार विड्यांतलं अर्धं मोल कार्डवालीला द्यायचं म्हणजे हात दुपटीनं चालवायचे. ते जादाचे हात कुणाचे असणार, हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी त्या तिसऱ्या गल्लीत गेल्या. भर दुपारी पार्वतम्माचं दार बंद होतं. आतून कात्रीचा आवाज येत होता. बाईंनी कडी वाजवली तसा आवाज थांबला. बराच वेळ काही हललं नाही. मग दार हातभर उघडलं.

"या," पार्वतम्मा म्हणाली. रीत म्हणून म्हणाली. आणि लगेच, खाली बघत, "बाई, तेवढा मोबाईल भाईर ठिवा. चपलेपाशी."

अजीजाबाईंनी पर्समधून मोबाईल काढला, चपलेशेजारी फरशीवर ठेवला आणि आत गेल्या. खोली झाडून काढलेली होती. सूप दिसत नव्हतं. तंबाखूचा वास मात्र असा कोंडला होता की बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. काव्या भिंतीशी मराठीचं पुस्तक उघडून बसली होती. पंधरवड्यात पोरगी आणखी वाळली होती.

"शाळेत का येईनास ग?"

"ताप हुता, बाई."

"पंधरा दिवस?"

"व्हय."

तिला खोकला आला. तो दाबायचा तिनं प्रयत्न केला, पण दबला नाही. बाई तिच्यापुढं बसल्या. "काव्या, उद्यापासून ये. सगळी वाट बघतात. प्रतिज्ञा म्हणायला कुणी नाही."

काव्यानं आईकडं पाहिलं. आई दाराच्या फटीतून गल्लीकडं बघत होती.

"घरी दिवसभर काय करतीस?"

"कायबी न्हाय बाई. अभ्यास करते."

"हात बघू."

काव्यानं दोन्ही हात ओच्यात लपवले. ते लपवताना तिच्या बोटांची पिवळी टोकं बाईंना दिसली, आणि आपण बघितलं हे काव्यालाही दिसलं. तरी ती बाईंच्या डोळ्यात बघत होती, अगदी सरळ, साहेबांपुढं उभी होती तशीच. बाईंना एकदम रडू कोसळलं. हे पोर आपल्याला घाबरत नाहीये, हे आपल्याला इन्स्पेक्टर समजतंय, हे त्यांना कळलं. त्यांनी ओढणीनं तोंड पुसलं, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काव्या, मी कुणाला सांगणार नाही. मला खरं सांग."

काव्यानं गुडघा हळूच बाजूला घेतला.

"खरं एकदा सांगितलं की, बाई."